अल्काच्या गाण्यातला दुसरा आवाज

ताराचंदने तिरोड्याहून नवे स्पीकर आणले ते बायकोसाठीच. अल्का भीमगीतं गायची. गोंदियात रेकॉर्ड झालेलं तिचं पहिलं गाणं घरात दणक्यात वाजावं, एवढीच त्याची हौस. पण टाइल्स लावलेल्या नव्या हॉलमध्ये त्यातला जड आवाजाचा, बेसचा डबा असा घुमायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या अन् शब्द एकही कळायचा नाही.

"संघदीपले बोलावते," अल्का म्हणाली. "त्याले स्टेजच्या साउंडचं समजते."

संघदीप म्हणजे त्याच गाण्यातला दुसरा आवाज. ताराचंदच्या कपाळावर आठी पडली.

रविवारी दुपारी संघदीप आला. त्याने कोपऱ्यातला डबा उचलून थेट ताराचंदच्या खुर्चीवर ठेवला, गाणं लावलं आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगू लागला.

"बसाच्या जागी डबा ठेवाचा अन् आपण फिरून आयकाचं, ताराचंदभाऊ. जिथं घुमत नाही, तिथंच त्याची जागा."

अल्काही पदर खोचून त्याच्यामागे रांगायला लागली. "इथं आयक! इथं साफ येऊन राहिला!" दोघंही लहान पोरांसारखी हसली. ताराचंद मात्र आपल्याच घरात पाहुण्यासारखा उभा होता.

डबा कोपरा सोडून खिडकीखाली आला. संघदीपने बेसचं बटण जरासं मागे फिरवलं. आता अल्काचा आवाज धुतलेल्या तांदळासारखा स्वच्छ निघाला. आणि त्याला अगदी लगटून संघदीपचा. ती श्वास घ्यायची, तिथून तो ओळ उचलायचा. ताराचंदच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी अल्का अंगणवाडीत गेल्यावर त्याने डबा गुपचूप कोपऱ्यात ढकलला. संध्याकाळी गाणं पुन्हा घुमलं. अल्काने डबा ओढला. त्याने पुन्हा ढकलला. तिने विचारलं तर म्हणाला, "उंदरानं सरकवला असन."

मग एक दिवस ती लवकर परतली. ताराचंद ओणवा होऊन डबा रेटत होता.

"काऊन करून राहिले असं?"

तो डब्यावरचा हात न काढताच म्हणाला, "त्याचा आवाज तुह्या आवाजाजवळ मले सहन होत नाही."

अल्का दारातच बसली. "मंग तसं बोलाचं होतं. त्याच्यासंगं माहाही गळा कायले दाबला? गाणं माहं नाही का?"

ताराचंद चरकला. संघदीपला बुडवायच्या नादात आपण बायकोलाही बुडवतो आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने डबा खिडकीखाली नेला आणि पहिल्यांदाच गाणं शेवटपर्यंत ऐकलं. संघदीप खरंच चांगला गात होता. ते कळल्यावर तर जळफळाट आणखीच वाढला.

"शुक्रवारी तो प्रॅक्टिसले येऊन राहिला," अल्का म्हणाली. "तुमाले बाहेर जाचं असन तर जा."

"नाही जात. होऊ द्या तुमचं," तो दात आवळूनच म्हणाला.

अल्काने त्याच्याकडे एकवार पाहिलं. मग गाणं पुन्हा सुरू करून ती चहा ठेवायला आत गेली.