दिल्लीच्या खोलीतली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. भाकरीचं पीठ मळायचं पसरट लाकडी भांडं. सोनपेठच्या सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून कोरलं आणि भागम्माच्या तळव्यांनी मी गुळगुळीत झाले. घरात माणसं दोनच, भागम्मा आणि तिची लेक शिवरंजनी. शेजारणी आमच्या भाकरीला नावाजायच्या, तेव्हा मीही मनातून फुगायचे. खोटं कशाला बोलू?

मग शिवरंजनीला दिल्लीच्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. भागम्मानं ज्वारीच्या पिठाची मोठी पिशवी बांधली, सोबत मलाही धाडलं. माझं मत कुणी विचारलंच नाही!

दिल्लीत मुली घोळक्यानं चहाला जात, शिवरंजनी मात्र सरळ खोलीवर येई. कित्येकदा दिवसभरात ती कुणाशी बोललेली नसे. संध्याकाळी माझ्यापुढे बसून भाकरी थापायची, तेवढाच वेळ तिला घरी असल्यासारखं वाटे. मलाही.

थंडी पडली आणि भाकरी मोडायला लागली. थापताना कडेला चिरा, उचलायला जावं तर तुकडे. रोज तेच. एकदा ती गुडघ्यात डोकं घालून लय रडली. मग बॅग भरली आणि फोन लावला.

"माय, मी परत यायलेय. हितं माझं कुणीच न्हाई. आता तर भाकर बी जमंना. मी कुठलीच राहिले न्हाई बघ."

लेक गेल्यापासून भागम्मा एकटीच जेवते. मला वाटलं, आता "ये" म्हणणार.

"पीठ कोणतं हाय?" तिनं विचारलं.

"तू दिलेलंच. पुरवून पुरवून वापरलं."

"अगं येडे! जुन्या पिठाची विरी जाती, चिकटपणा राहत न्हाई. तुझ्या हाताला काय बी झालं न्हाई. उकळतं पाणी घालून मळ. आन् उद्या कालेजात जा."

त्या संध्याकाळी भाकरी अख्खी उतरली. शिवरंजनीनं ती जेवून बॅग रिकामी केली.

हळूहळू ती चहाच्या घोळक्यात मिसळली, आता मैत्रिणींसोबत मेसमध्ये जेवते. मी खाटेखाली पडून आहे. तेलाचा हात नाही, म्हणून एक तडाही गेलाय. वाईट वाटतं, पण माझं राहू द्या. मित्रांनो, तुम्ही कधी सोनपेठला गेलात तर भागम्माकडे जरूर जा आणि तिच्यासोबत जेवा. "ये" हा शब्द तिनं कसा गिळला, ते अजून तिला कुणी विचारलेलं नाही.