अकरा वाजून दहा मिनिटं

टॉवरबाईंनी दार उघडलं ते पाणीसुद्धा विचारायचं नाही असं ठरवूनच. दारात कॉलेजची दोन पोरं उभी. एक चष्मेवाली, एक दाढीवाला. गळ्यात ओळखपत्रं, काखेत फाइली. आणि त्यांच्या मागे, जिन्यात, बाईंचा एकुलता एक मुलगा.

"आजी, वार्धक्य आणि ज्येष्ठांचं स्वास्थ्य यावर आमचा प्रोजेक्ट आहे," चष्मेवाली गोड हसत म्हणाली.

"हसू नकोस. आत ये."

पोरांचा काही दोष नव्हता म्हणा. दोष होता त्या मागच्याचा. दीड महिन्यापूर्वी बाईंच्या हातून गॅस चालू राहिला. एकदा. अहो, एकदा! सूनबाईंचं दूध आठवड्यातून दोनदा उतू जातं, तिला कुणी कुठे नेऊन टाकत नाही. पण मुलानं तेव्हापासून धोशाच लावला होता. वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय, खोली सोड, सही कर. शेवटी बाई भडकून म्हणाल्या, माझं डोकं फिरलंय असं कुणी तिऱ्हाईतानं सांगितलं तर करीन सही! त्यानं ते वाक्य अलगद झेललं. त्याच्या ओळखीच्या प्राध्यापकाची पोरं म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासत हिंडत होती. पोरं म्हणाली डोकं ठीक, तर विषय बंद. नाहीतर सही. बाईंनी शब्द दिला होता, आणि बाई शब्दाच्या पक्क्या, हे त्याला ठाऊक होतं. अर्ज त्याच्या खिशात होता. घडीचं टोक दिसत होतं.

"एक ते पाचमध्ये सांगा, आजी, तुम्हाला किती एकटं वाटतं?" दाढीवाल्यानं सुरुवात केली.

"सकाळपर्यंत अजिबात नाही. तुम्ही आल्यापासून पाच."

त्यानं खरंच पाच लिहिलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झोप?"

"लागते. कुणी बेल वाजवली नाही तर."

"मुलांचा आधार वाटतो?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "पुढचा प्रश्न विचार," त्या म्हणाल्या.

मग वार झाला, तारीख झाली, शंभरातून सात वजा करत जाणं झालं. बाई फाडफाड सांगत गेल्या. चष्मेवालीचं पेन मागे पडत होतं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते बाईंनी उलटसुलट दोन्हीकडून म्हणून दाखवले, वर विचारलं, "आणखी आहेत का, की संपली अक्कल?" मुलगा खुर्चीत चुळबुळला. बाईंना बरं वाटलं.

"आता फक्त एक घड्याळ काढायचं," चष्मेवाली म्हणाली आणि कोरा कागद पुढे केला. "सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

बाई फिस्सकन हसल्या. घड्याळ! आणि कुणाला सांगतेय, तर मला! बाजारातल्या टॉवरचं घड्याळ चौतीस वर्षं या हातांनी चालवलं होतं. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागी लागल्या, शहाण्णव पायऱ्या चढून रोज किल्ली दिली, तेलपाणी केलं, आणि एक दिवस विजेची मोटर बसली तेव्हा खाली उतरल्या. त्यांनी कागद ओढला आणि एका दमात घड्याळ काढून तो परत फेकला.

पोरांनी कागद पाहिला. एकमेकांकडे पाहिलं. खोलीतलं वारंच फिरलं.

"काका," दाढीवाला मुलाला हळूच म्हणाला, म्हणजे बाई बहिऱ्याच असाव्यात, "बाकी उत्तम आहे. पण घड्याळात शून्य. हे काळजीचं लक्षण धरतात. डॉक्टरांना दाखवा."

मुलानं कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. मग सुस्कारा सोडून म्हणाला, "बघ आई. मी म्हणत नव्हतो?"

"आण इकडे!"

बाईंनी कागद पाहिला. बारा वर, सहा खाली, काटे जिथे हवेत तिथे. त्यांना काही म्हणजे काही चुकलेलं दिसेना. आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच शंका आली. चुकलंय आणि मला दिसत नाही, म्हणजे खरंच गेलं की काय डोकं? गॅससुद्धा मग... मुलानं अर्ज काढून टेबलावर पसरला होता. वर पेन ठेवलं होतं.

चष्मेवालीला राहवलं नाही. तिनं शेजारी दुसऱ्या कागदावर घड्याळ काढलं. "असं हवं होतं, आजी. बाराच्या उजवीकडे एक. तुमचा एक डावीकडे गेलाय. सगळंच उलटं फिरलंय."

बाई दोन्ही कागदांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. आणि त्यांच्या ध्यानात आलं.

त्या ताडकन उठल्या. आपला कागद खिडकीच्या काचेवर, चित्राची बाजू बाहेर करून दाबून धरला. दुपारचं ऊन कागदातून आरपार आलं. आकड्यांची तोंडं फिरली होती, पण प्रत्येक आकडा आपल्या जागेवर होता. अकरा वाजून दहा मिनिटं.

"चौतीस वर्षं मी घड्याळाच्या आत होते गं!" बाई ओरडल्या. "तबकडी दुधी काचेची, आणि मी तिच्या पाठीमागे. तुम्ही रस्त्यावरून बघता ते तोंड मी कधी बघितलं? आतून असंच दिसतं. आणि तुझं हे बघ. अकरा वाजून दहा झाले तरी तुझा तासकाटा अकरावरच चिकटलाय. माझा सरकलाय पुढे. बंद पडलेलं घड्याळ काढून मला शून्य देतेस होय?"

चष्मेवालीचा चेहरा लाल झाला. "आजी, सॉरी. आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तुला कुणी सांगितलंच नाही." बाई वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला. "याला माहीत होतं."

"आई, आता उगाच..."

"शाळा सुटली की हा माझ्याजवळ वर येऊन बसायचा. त्या काचेपाशी अभ्यास करायचा. दुसरीत यानं शाळेत अस्संच घड्याळ काढलं. बाईंनी शून्य दिलं आणि वर्गाबाहेर उभं केलं. तेव्हा मी त्या बाईंना हाताला धरून शहाण्णव पायऱ्या चढवल्या आणि आतून घड्याळ दाखवलं. माझा मुलगा ढ नाही म्हणून सांगितलं. आठवतं ना रे?"

मुलानं अर्जावरचं पेन उचलून खिशाला लावलं.

"मघाशी कागद हातात धरून बसलास. तुला दिसलं. आणि मूग गिळून बसलास!"

"तुझ्या भल्यासाठीच करत होतो मी," तो म्हणाला, पण फरशीकडे बघत.

दाढीवाला खोडरबर शोधत होता. "आजी, आम्ही मार्क बदलतो..."

"राहू दे. तुझं ते शून्य याच्यासमोर लिही." बाईंनी टेबलावरचा अर्ज उचलला, घडी घातली आणि मुलाच्या खिशात परत खोचला. मग तळहात पुढे केला. "माझ्या खोलीची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे. दे."

"आई, रात्रीबेरात्री तुला काही झालं तर?"

"तर शेजारी दार फोडतील. किल्ली दे."

त्यानं खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट होती, नखानं निघेना. पोरं मान खाली घालून उभी. बाईंचे डोळे भरून आले होते, पण हात त्यांनी मागे घेतला नाही, आणि त्याला मदतही केली नाही.