अप्पांच्या सीटखालची सोय

महालिंगअप्पांनी विमान घेतलं तेव्हा सेलूत आधी ही बातमी पसरली की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग पसरली ती ही, की आश्रुबा सरही त्याच्या नादाला लागले. दोन्हींत थोडं तथ्य होतं. कापसाचं जिनिंग मुलांनी हाती घेतल्यावर अप्पांना दिवस खायला उठायचा. विमान चालवायचं रीतसर शिक्षण त्यांनी पन्नाशीच्या आतच घेऊन ठेवलं होतं. त्यांनी दोन माणसांचं एक जुनं विमान विकत घेतलं. ते ट्रकमधून आलं, पंख वेगळे बांधलेले. जिनिंगमागच्या पडीक रानात मुरूम दाबून धावपट्टी केली आणि परवानग्यांसाठी दिल्लीच्या चकरा मारून सगळी कागदं एकदाची पदरात पाडून घेतली.

आश्रुबा सरांनी आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. अप्पा आणि ते शाळेत एका बाकावर बसायचे. त्या काळी अप्पांच्या घरी आश्रुबाला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. अप्पांची बायको सिद्धम्मा सून म्हणून घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या हातात घरातला तांब्या दिला. त्यावर सासू आठवडाभर बोलली नाही. तेव्हापासून आश्रुबाला ते घर परकं वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर सर रोज सकाळी सायकलवर धावपट्टीला यायचे आणि विमानासाठी काहीतरी घडवत बसायचे. कापसाच्या गाठी वाहायचा एक हातगाडा त्यांनी शेपटाखाली असा जोडला की एकटा माणूस विमान शेडबाहेर ओढू शकायचा. ते मात्र झकास जमलं. बाकीच्यांचं काही सांगता यायचं नाही. घारी हाकलायला त्यांनी स्टीलच्या ताटल्यांची फिरकी केली, ती पहिल्याच वाऱ्यात निखळून तुरीत जाऊन पडली. धावपट्टीवर रोही, म्हणजे नीलगायींचे कळप, येऊन उभे राहायचे, म्हणून भंगारातल्या एसटीचा भोंगा आणून पंखाखाली बसवला. भोंगा वाजला की शेजारच्या म्हशी दावं तोडून पळायच्या आणि रोही तिथंच उभे राहून बघायचे. दोघं म्हातारे पोट धरून हसायचे. सरांना त्या हसण्यात जे सुख होतं ते नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

एके दिवशी अप्पा उतरले आणि विमानातून बाहेरच येईनात. जिनिंगची माणसं शेडपाशी उभी होती. सर जवळ गेले तेव्हा अप्पांची पँट ओली होती आणि नजर खाली. सरांनी पाण्याची बादली उचलली, विमान धुवायला लागल्यासारखं केलं आणि अर्धी बादली अप्पांच्या अंगावर ओतली. अप्पा मोठ्यानं शिव्या देत खाली उतरले, माणसं हसली, आणि ती गोष्ट तिथंच मिटली.

संध्याकाळी अप्पांनी सगळं सांगितलं. रक्तात साखर होती, बरीच वर्षं. उडायच्या परवान्यासाठी डॉक्टरची तपासणी लागते, तिथं त्यांनी ती लपवली होती. कळलं तर परवाना गेला. हे फक्त सिद्धम्माला ठाऊक होतं, आणि आता सरांना.

सरांनी मग अप्पांना उडताना बसल्या जागी मोकळं होता येईल अशी सोय केली. डिझेल ओतायचं नरसाळं, सलाईनची जाड नळी, गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि उलटं येऊ नये म्हणून हातपंपातली छोटी झडप. घरी खुर्चीवर बसून तांब्यातल्या पाण्यानं त्यांनी ती पुन्हा पुन्हा तपासली. पंचफुलाबाईंनी विचारलं, हे काय करायलाव, तर म्हणाले, विमानाचं तेल मोजायचं यंत्र. बायकोशी ते सहसा खोटं बोलत नसत.

पुढच्या हिवाळ्यात छोट्या विमानांच्या मालकांचा मेळावा अप्पांच्या धावपट्टीवर ठरला. पुण्याहून, हैदराबादहून माणसं आली, कोणी उडत, कोणी गाडीनं. मंडप पडला, निम्मं सेलू बघायला लोटलं. प्रत्येकानं आपल्या विमानासाठी घरी केलेल्या गमतीच्या वस्तू मांडायच्या आणि एकीला बक्षीस, असा कार्यक्रम होता. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबल मांडलं. भोंगा, ताटल्यांची सुधारलेली फिरकी, शेपटाचा गाडा. ती सोय त्यांनी अर्थातच मांडली नव्हती.

पण पुण्याचा एक हौशी पाहुणा अप्पांच्या विमानात डोकावला आणि नळीसकट नरसाळं ओढून बाहेर घेऊन आला. सूत्रसंचालकानं ते माईकसमोर वर धरलं. काय आहे हे ओळखायला मंडपाला वेळ लागला नाही. हशा उसळला. पुढच्याच खुर्चीत डॉक्टर बन्सीधर बसले होते, वैमानिकांची तपासणी तेच करायचे. तेही हसत होते, पण अप्पांकडे बघून त्यांनी विचारलं, "अप्पा, ही गरज कोणाला पडली?"

अप्पांचा चेहरा उतरलेला सरांनी बघितला. त्यांना वाटलं, आता हा काहीतरी थाप मारील, लांबच्या प्रवासासाठी म्हणेल, पाहुण्यांसाठी म्हणेल.

"आमच्या मिस्त्रीचं हाय ते," अप्पा म्हणाले. "जमिनीवर लय हुशारी करतो. वर नेलं की धीर सुटतो त्याचा. दोनदा सीट धुवून घ्यावी लागली मला."

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पाहुण्यानं नळी सरांच्या कमरेशी लावून दाखवली. मोबाईल वर झाले. ती सोय चालकाच्या सीटखाली बांधलेली होती, बघणाऱ्याला तेवढ्यानंही कळलं असतं. कोणी बघितलं नाही. सिद्धम्मा बायकांच्या रांगेत बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि मान वर केली नाही.

माईक सरांच्या तोंडापुढे आला. सरांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा विमानाच्या पंखाकडे बघत होते.

"हां," सर म्हणाले, "माझंच हाय."

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. शाल घालताना अप्पांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, मालक गड्याला मारतो तशी.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी गावभर झाला. मोंढ्याच्या बाजारातून जाताना कोणीतरी भोंग्याचा आवाज काढायचं. ज्यांना सरांनी कानस धरायला शिकवलं होतं ते आता नमस्कार करताना ओठ दाबायचे. लेक संघप्रिया पिंगळीच्या शाळेत शिकवायची. तिच्या वर्गातल्या पोरांनी फळ्यावर विमान काढलं आणि खाली थेंब काढले. तिनं घरी येऊन ते सांगितलं नाही, तिच्या सोबतिणीनं सांगितलं. तेव्हा सरांनी मायलेकींना खरं काय ते सांगितलं.

पंचफुलाबाई उठल्याच. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जाते आणि भर बाजारात सांगते. सरांनी त्यांना बसवलं.

महिनाभर अप्पा आले नाहीत. मग एका दुपारी गाडी दारात थांबली. हातात पेढ्यांचा पुडा. अप्पा बराच वेळ थंडीचं, कापसाचं, पोरांचं बोलले. सरांना मनातून वाटत होतं, हा आता म्हणेल. एक शब्द म्हणाला तरी पुरे होतं, सगळं गिळायची त्यांची तयारी होती.

अप्पांनी आवाज खाली आणला. "ते डॉक्टर पुन्हा तपासणीला बोलवायलेत. तू कुठं काही बोलला न्हाईस ना?"

सरांनी पुढ्यातला पेढ्यांचा पुडा बाजूला सारला.

"लोकांचं काय, दोन दिवस हसतील," अप्पा म्हणाले. "तुला काय फरक पडतो? तू तर रिटायर हायस. माझं उडणंच जाईल."

"बोललो न्हाई," सर म्हणाले. "बोलणार बी न्हाई. तेवढंच विचारायला आला असाल तर या तुमी आता."

पन्नास वर्षांत त्यांनी महालिंगला 'तुमी' म्हटलं नव्हतं. पण अप्पांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांच्या चेहऱ्यावर मोकळेपणा आला, खांदे सैल झाले, आणि ते बघून सरांना मंडपात झालं नव्हतं तेवढं दुःख झालं. जाताना अप्पा म्हणाले, झडप जरा गळायली, एकदा बघून जा.

गाडी गेल्यावर पंचफुलाबाई आतून आल्या. "तुमी इतके मोठ्या मनाचे कशाला झालाव?" त्यांनी विचारलं. "खरं सांगायचं होतं तिथंच, सगळ्यांसमोर."

"मोठं मन कुठलं," सर म्हणाले. "माईक हातात होता माझ्या. मी सांगितलंच असतं. पण पाचशे माणसं बसली होती, अन् त्यातल्या एकालाबी खोटं वाटलं न्हाई त्याचं. माझ्याबद्दल ते ऐकायला सगळे तयारच होते, पंचफुला. मग कोणाला सांगायचं?"

पेढ्यांचा पुडा त्यांनी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायला सांगितला आणि सायकलच्या चाकात हवा भरायला बसले. धावपट्टीकडे जायचं नव्हतं. दुसरीकडे कुठं जावं ते सुचत नव्हतं, पण हवा मात्र त्यांनी पुरती भरली.