आवाज उना नही

लीलाधरचा आवाज अख्ख्या धुळ्याच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फारच थोड्यांच्या. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून तो "धुळे ट्रंक, नंबर सांगा" म्हणाला, की जळगावचा तापट सराफसुद्धा आपली पट्टी खाली आणायचा. सुपरवायझरच्या जागेसाठी त्याचंच नाव पुढे होतं, आणि नेमकी त्याच सुमाराला त्याची बायको कुंदा मेहरूणला माहेरी निघून गेली आणि तिने नवऱ्याविरुद्ध मारहाणीची, छळाची फिर्याद दिली. चारशे अठ्ठ्याण्णव अ कलम तेव्हा नवंकोरं होतं, हवालदारालाही ते नीट तोंडपाठ नव्हतं. लीलाधरने दोन रात्री कोठडीत काढल्या आणि बाहेर येतो तो निलंबनाचा कागद हातात पडला.

त्याचे वकील जीवरामनाना या धंद्यात मुरलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "नुसतं सुटून भागायचं नाही. निकालात संशयाचा फायदा दिला असं आलं, तर खातं तुला बाहेर ठेवायला मोकळं. स्वच्छ 'निर्दोष' आलं पाहिजे. आणि ते तुझ्या बोलण्याने यायचं नाही बाबा, शेजारणीच्या बोलण्याने येईल."

शेजारीण म्हणजे धुरपदाबाई. तिच्या आणि लीलाधरच्या क्वार्टरमधली भिंत इतकी पातळ, की इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागायचा. ती साक्षीला उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नानांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

"आवाज उना नही, साहेब. कधीच उना नही."

जज्जसाहेब कोकणातले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि 'आवाज आला नाही' असं नोंदवायला सांगितलं. सरकारी वकिलाने कागदात डोकं खुपसलं. कुंदा कधीच का ओरडली नाही, हे कुणी विचारलं नाही. ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक समोरच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

बाहेर निंबाच्या झाडाखाली लीलाधरने हात जोडले. "अक्का, तुम्ही माझी नोकरी वाचवली."

"मी खोटं नही बोलनू, भाऊ," धुरपदाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "भांडं पडनं तं आवाज येस. मानूस पडनं तरी येस. तुमना घरमाईन काहीच नही उना. म्हनीसन तं मी रात रात जागी ऱ्हायनू."

एवढं बोलून ती रिक्षात बसली. ते वाक्य लीलाधरच्या डोक्यात घर करून बसलं. बाई बाजूने बोलली की विरुद्ध? घरी आल्यावरही त्याला स्वस्थ बसवेना. खोलीतून पडवीत, पडवीतून खोलीत अशा येरझाऱ्या घालता घालता त्याचा धक्का ओट्यावरच्या स्टीलच्या तांब्याला लागला. तांब्या फरशीवर पडला, गरगरला आणि मोरीच्या कडेला जाऊन थांबला. आवाज आला नाही.

त्याने तो उचलून मुद्दाम आपटला. मग परात आपटली. मग घाबरून स्वतःच ओरडून बघितलं. खोली तशीच गप्प. पडवीत पाऊल टाकलं, तर रस्त्यावरची सायकलची घंटा लख्ख ऐकू आली. कानाच्या डॉक्टरने दोन्ही कान तपासले आणि ठणठणीत आहेत म्हणून पाठवून दिलं. लीलाधर मात्र मनातून पार खचला.

दूधवाला निंबा दारात उभा राहून हाका मारायचा, लीलाधर आतून "आलो, आलो" म्हणायचा, आणि निंबा घरात कुणी नाही असं समजून पुढे जायचा. पुढे पुढे हे उंबऱ्याबाहेरही आलं. एसटीत कंडक्टर "कुठं?" म्हणून विचारायचा, पुन्हा विचारायचा, मग वैतागून दुसऱ्याकडे वळायचा. लीलाधर आरशासमोर उभा राहून "धुळे ट्रंक, नंबर सांगा" घोकत राहायचा. ओठ बरोबर हलायचे. बोर्डावर बसलो की येईल, असं तो स्वतःला बजावायचा. आवाज म्हणजेच त्याची नोकरी, दुसरं होतं काय त्याच्याजवळ?

निकाल लागला. निर्दोष. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, काहीतरी बोल की लेका!" लीलाधर बोलला. बराच वेळ बोलला. नानांना वाटलं, पोराचा गळा दाटून आला. त्यांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कामावर रुजू झाला तेव्हा सहकाऱ्यांनी पेढे वाटले, सुपरवायझरची ऑर्डरही आता निघेलच असं कुणीसं म्हणालं. लीलाधरने हेडफोन चढवला. साक्रीच्या लाइनचा दिवा लागला, त्याने प्लग खोचला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून म्हटलं, "धुळे ट्रंक, नंबर सांगा."

पलीकडे कुणी म्हातारा व्यापारी होता.

"ओ बाई," तो म्हणाला, "तोंडमा पदर कोंबेल शे का? नीट बोला ना."