डावा खांदा

आई माणसांना नावानं ओळखत नसे, मापानं ओळखत असे. कोपऱ्यावरचे वकील म्हणजे ‘पोक’. बँकेतल्या मॅनेजरबाई म्हणजे ‘सव्वीस कंबर’. ती कंबर वीस वर्षांपूर्वीची होती, पण एकदा दिलेलं नाव आई बदलत नसे. खाली तिचं शिवणाचं दुकान आणि वर आम्ही दोघी. वरच्या खोलीत मला खालचं बोलणं ऐकू यायचं, आणि गिऱ्हाईक दारातून आत येताना ती स्वतःशीच म्हणायची, “आले लांब हात.”

म्हणून सर्जननं तिला उजव्या स्तनात कर्करोग आहे आणि स्तन काढावा लागेल असं सांगितलं, तेव्हा जिना उतरताना ती पहिलं वाक्य बोलली ते हे : “त्याचा डावा खांदा पडलाय गं. अर्धा इंच तरी. कोटाची बाही कशी ओढली जात होती बघितलंस ना?”

मी बघितलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो पुढे काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात डॉक्टरचं नाव ‘डावा खांदा’ पडलं.

ऑपरेशन ठीक झालं. म्हणजे, ठीक झालं असं आम्हाला सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी डावा खांदा राउंडला आला, पट्टी उचलून पाहिली, आणि म्हणाला, “छान. या हातानं सध्या काही करायचं नाही.” आणि गेला. मागोमाग सिस्टर गेली, तिच्यामागून फायली गेल्या. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण आईच्या हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत जायच्या आत खोली रिकामी झाली होती.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. वाक्यात काय राहून गेलंय ते शोधणं हाच माझा धंदा. पण ‘सध्या काही करायचं नाही’ या वाक्यात ‘कधीपर्यंत’ राहिलंय, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

आईचा प्रश्नच नव्हता. तिच्या धंद्याचा एक नियम होता : गिऱ्हाईक थांबा म्हणालं की थांबायचं, आणि ते सांगेपर्यंत कपड्याला हात लावायचा नाही. दुकानात मागच्या खिळ्यावर एक करडा कोट कच्च्या टाक्यांत लटकत होता. लांब हातांचा. अस्तर कुठलं ते मी सांगतो, तोवर थांबा, असं ते म्हणाले होते. त्याला अकरा वर्षं झाली होती. दर महिन्याला आई तो झटकून पुन्हा टांगायची. “अगं, ते विसरले,” मी म्हणायची. “ते विसरले असतील,” आई म्हणायची, “मी कुठं विसरलेय?”

तर सर्जन थांबा म्हणाला होता, आणि आई थांबली. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिनं डाव्या हातानं, दुसऱ्याच कुठल्या कोटाच्या अस्तराचा उरलेला तुकडा घेऊन, उजव्या हातासाठी एक झोळी शिवली. गळ्यात अडकवायची. आत मऊ कापड, कोपराला दुहेरी पट्टी, आणि जखमेतलं पाणी नळीतून ज्या डबीत जमायचं तिच्यासाठी बाहेरून वेगळा खिसा. इतका सुबक खिसा मी आयुष्यात पाहिला नाही. दवाखान्यात सगळ्यांनी झोळीचं कौतुक केलं. सिस्टर म्हणाली, “आम्हालाही अशा शिवून द्या.” ती घातलीय कशाला, हे कोणी विचारलं नाही.

त्यात मावशीचा फोन. मावशीच्या शेजारणीनं असल्याच ऑपरेशननंतर पाण्याची बादली उचलली आणि तिचा हात जो सुजला तो सुजलाच. मावशी सांगताना बादलीच्या मापासकट सांगते. आईनं झोळीची गाठ आणखी एक बोट वर घेतली.

नळी निघाली. टाके सुकले. आम्ही दोनदा तपासणीला जाऊन आलो. मी जाताना प्रश्नांची यादी नेत असे. सात प्रश्न, एकाखाली एक, सुवाच्य. पहिल्या खेपेला मी पहिला प्रश्न विचारला : काखेजवळ पाणी साठल्यासारखं वाटतं, ते चालेल का? डावा खांदा दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, “होतं तसं. काळजीचं कारण नाही.” दुसऱ्या खेपेला मी दुसरा प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “पाणी साठल्यासारखं वाटतंय का? होतं तसं.” त्याला मागच्या वेळचा प्रश्न आठवत होता, हे खरं तर कौतुकाचं होतं.

घरी येताना मी मनात तक्रारअर्ज लिहीत असे. स्वल्पविरामांसकट.

“चिडू नकोस,” आई म्हणाली. “बाहेर चाळीस माणसं बसलीत त्याच्या.”

“त्यातलीच एक तू आहेस ना?”

“तेच म्हणतेय. मग चाळिसावा भागच वाट्याला येणार.”

सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी जिन्यावरून खाली येत होते. दुकानात तयार कपडे टांगायची एक दांडी आहे, जमिनीपासून सहा फुटांवर. आई तशी ठेंगणी, चार फूट अकरा. चवड्यांवर उभी राहून, उजवा हात ताणून ती कपडे टांगत आली होती, चाळीस वर्षं. त्या सकाळी तिनं झोळी काढून ठेवली होती. पोकांचा कोट उजव्या हातात धरून ती दांडीखाली उभी होती, आणि हात कमरेच्या वर येत नव्हता. तिनं एकदा प्रयत्न केला. मग एकदा. मग कोट डाव्या हातात घेतला, कोपऱ्यातली काठी आणली, आणि काठीच्या टोकानं तो टांगला.

मला पाहिल्यावर म्हणाली, “जड आहे मेला. पोकांना सांगायला हवं, हलकं कापड घ्या म्हणून.”

चहा पिताना ती मोठ्या कात्रीकडे बघत बसली होती. “हा हात असाच राहिला तर दुकान नाही चालायचं,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दूध संपलंय सांगावं तसा. यादीतला दुसरा प्रश्न मी खोडून पहिल्या जागी आणला : हात कधी चालू करायचा?

तिसऱ्या तपासणीला डावा खांदा आला, फाइल उघडली, जखम पाहिली, म्हणाला, “उत्तम,” आणि वळला. मी यादी उघडेपर्यंत त्याचा हात दाराच्या मुठीवर होता.

“डॉक्टर,” आई म्हणाली, “हा कोट तुम्हाला कोणी शिवून दिला?”

तो थांबला. या प्रश्नाला ‘होतं तसं’ हे उत्तर चालत नाही. “रेडीमेड आहे. का?”

“दिसतंच आहे. तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. त्यामुळं बाही ओढली जातेय, आणि गळपट्टी मागं पळतेय. दिवसभर मान दुखत असेल तुमची.”

“दुखते,” तो म्हणाला. जरा नवलानं.

“इकडं या. पाठ करून उभे राहा.” आईनं पर्समधून टेप काढला. टेपशिवाय ती कुठंच जात नसे. नळी लावलेली असतानाही तो तिच्या उशीखाली होता.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. सिस्टर फायलीमागे हसू दाबत होती. पण शिंप्यानं पाठ करा म्हटलं की माणूस पाठ करतो. चाळीस वर्षांत वकील, हवालदार, हेडमास्तर, सगळ्यांनी केली होती.

आईनं टेपचं एक टोक डाव्या हातानं त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवलं. दुसरं टोक उजव्या हातानं उजव्या खांद्यावर न्यायचं असतं. तिचा हात झोळीतून निघून त्याच्या कमरेपर्यंत आला. कोपर अंगाला चिकटलेलं. पुढे येईना.

हात धुवायच्या बेसिनवर आरसा होता. डावा खांदा आरशात बघत होता.

“हात वर करा,” तो म्हणाला.

“नाही होत.”

“कधीपासून?”

“तुम्ही नको म्हणालात तेव्हापासून.”

“मी ते पहिल्या पाच दिवसांसाठी म्हणालो होतो.” तो वळू लागला.

“हलू नका, माप चुकेल,” आई म्हणाली. “ते पाच दिवस तुमच्या मनात राहिले, डॉक्टर. आमच्यापर्यंत नाही आले.”

तो सिस्टरला म्हणाला, “व्यायामाचा कागद दिला नव्हता यांना?”

“कागद संपलेत ना सर. छापायला टाकलेत, दोन महिने झाले.”

“आणि ही झोळी? ही कोणी घालायला सांगितली?”

“ही मी शिवली,” आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. मग तिला कळलं असावं. ती झोळीची कड बोटानं सरळ करत राहिली.

तेव्हा त्यानं ती गोष्ट केली जी आम्ही तोवर कधी पाहिली नव्हती. तो बसला. चाकांचं स्टूल ओढून आईच्या समोर, तिच्यापेक्षा खाली. वरून त्याचं टक्कल दिसत होतं. “हे मी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “सहाव्या दिवसापासून हळूहळू हात हलवायला हवा होता. आता वेळ लागेल, पण येईल. पूर्ण नाही तरी बराचसा येईल.”

“कात्री धरता येईल?”

“येईल.”

“आणि वर? एवढी?” तिनं डाव्या हातानं दांडीची उंची दाखवली.

त्यानं तिच्या हाताकडे नीट पाहिलं. “त्याला चार महिने धरा. रोज करायला लागेल.”

“रोजचं मला सांगू नका,” आई म्हणाली. “आता तू वाच गं तुझं.”

मी यादी वाचली. त्यानं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, बसून. मध्येच आई म्हणाली, “आणखी एक. तिच्या यादीत नाहीये.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “परवा काम करताना दंडाला आतल्या बाजूनं टाचणी टोचली. रक्त आलं, पण मला कळलंच नाही. म्हटलं, हात मरत चाललाय की काय.”

हे ती मला बोलली नव्हती. मी यादीचा कागद घडी करत बसले. त्याला किती घड्या पडतात ते पाहत.

“काखेतल्या गाठी काढताना तिथली एक बारीक नस जाते,” तो म्हणाला. “तेवढा भाग बधिर राहतो. हात मेलेला नाही, काकू.”

‘काकू’ तो पहिल्यांदाच म्हणाला.

बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, “मुद्दाम केलंस ना हे, मापाचं?”

“छे. खांदा खरंच पडलाय.” मग दोन पावलं गेल्यावर, “पण माप घेताना माणूस पळत नाही, हे खरं.”

त्यानं शिकवलेला व्यायाम असा होता : भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, कोळी चढतो तशी, जमेल तिथपर्यंत. आईनं कटाईच्या टेबलाशेजारची भिंत निवडली. रोज सकाळी बोटं चढायची, थांबतील तिथं ती निळ्या खडूनं रेघ मारायची, टेपनं उंची मोजायची आणि शेजारी तारीख लिहायची. काही दिवस रेघ आदल्या दिवशीच्या खाली यायची. तेव्हा ती भिंतीला शिव्या द्यायची. झोळीचे टाके उसवून तिनं त्या अस्तराचे खिसे केले, कुणाकुणाच्या कोटांना.

पाचव्या महिन्यात पोकांचा कोट तिनं उजव्या हातानं टांगला. मला हाक मारली नाही. मी वरून हँगरचा आकडा दांडीवर सरकल्याचा आवाज ऐकला, आणि मग तोच आवाज पुन्हा. ती काढून पुन्हा टांगत होती.

डाव्या खांद्याचा पांढरा कोट तिनं स्वतः शिवला, डावीकडे आत अर्ध्या इंचाची गादी घालून. तो न्यायला डॉक्टर स्वतः आला, पाऊण तास बसला, भिंतीसमोर उभा राहून सगळ्या रेघा वाचल्या. “अरे वा,” म्हणाला, सगळ्यात वरच्या रेघेला.

चार वर्षांनी आजार परत आला, हाडांत. त्या दिवशी तो आत आला, फाइल टेबलावर ठेवली, आणि काही बोलायच्या आत स्टूल ओढून बसला. स्टुलाची चाकं वाजली तेव्हाच आईला कळलं. तिनं माझा हात धरला, उजव्या हातानं. मग सगळं ऐकून घेतलं. किती दिवस, काय दुखेल, कशानं थांबेल, काय थांबणार नाही. त्यानं काही राखून ठेवलं नाही. शेवटी ती त्याला म्हणाली, “कोट बरा बसतोय अजून.”

आई गेली त्याला आता चौदा महिने झाले.

गेल्या आठवड्यात मी दुकान रंगवायला काढलं. खाली माझं काम हलवायचं आहे, वर उजेड कमी पडतो. रंगारी भिंत खरवडायला आला आणि रेघांपाशी थांबला. “या काय खुणा आहेत, ताई? पुसू?”

मी टेप आणला. का ते सांगता येणार नाही. खालून मोजत वर गेले. सगळ्यात वरची रेघ सात फुटांवर होती. चार फूट अकरा इंचांची बाई, हात पुरा ताणला तरी सव्वासहाच्या वर पोचत नाही. तारीख पाहिली. डॉक्टर कोट न्यायला आला, त्याच्या आदल्या दिवशीची.

बाई स्टुलावर चढली होती.

मी इतकी हसले की रंगारी पाणी घेऊन आला. मग बराच वेळ तो दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भला माणूस.

“ही भिंत राहू दे,” मी त्याला म्हणाले. “मी सांगेपर्यंत हात लावू नका.”

“बरं,” तो म्हणाला, आणि खरवडायचा पत्रा उचलून निघाला. मागच्या खिळ्यावरचा करडा कोट त्याच्या खांद्याला घासून हलला.

मी त्याला दारात गाठलं.

“पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी या,” मी म्हणाले. “सकाळी दहाला. तेव्हा पुसू.”