वाजवून घेतलेला बुलडोझर

मित्रांनो, मी एक जुना बुलडोझर आहे, आणि जुना म्हणजे इतका की तुमच्या आजोबांनी मला पाहिलं असेल, तर तेव्हाही म्हाताराच पाहिलं असेल. पुढे लोखंडाचं रुंद पातं, ते धरायला दोन जाडजूड हात, चाकांऐवजी साखळीचे पट्टे आणि पोटात रॉकेलवर चालणारं इंजिन, असा माझा अवतार. जन्मलो सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात. पण जगलो ते आपल्या बीड जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात.

मला आगगाडीने जालन्याला उतरवलं आणि तिथून मी माझ्या पायांनी, म्हणजे पट्ट्यांनी, बीडकडे निघालो. त्या काळी आमच्या भागात साधी मोटार आली तरी लोक हातातली कामं टाकून बघत. मला बघायला तर गावंच्या गावं वाटेवर उभी राहत. बाया हळदकुंकू लावत, म्हातारे जोडे काढून हात जोडत. लोकांनी माझं नाव ठेवलं लोखंडी रेडा. मोहनराव नावाच्या गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, मला डोंगरातून सडक काढायला आणलं होतं. चार वर्षं मी धोंडे लोटले, उतार कापले आणि कौतुकाने पार चढून गेलो. शेवटच्या वर्षी एक मोठा धोंडा अंगावर घेताना माझा डावा हात चिरला. भेग बारीक होती. कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

सडक झाली. मोहनरावांनी मला नेकनूरच्या बाजारतळाच्या कडेला उभं केलं आणि तिथे माझे सहा पावसाळे गेले. पहिल्या वर्षी लोक मला बघायला येत. तिसऱ्या वर्षी माझ्या सावलीला बसायला येत. पाचव्या वर्षी तर माझ्या पात्यावर ओली धोतरं वाळत पडू लागली. धुराच्या नळीत साळुंकीने घर केलं, पट्ट्यांतून गवत वर आलं. आतल्या आत माझी ती भेगही गंजून हातभर लांब झाली.

मग एका आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली. पहिला जालन्याचा भंगारवाला. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि मला कुठून कुठून तोडायचं, त्याच्या खुणा खडूने करून ठेवल्या. दुसरे सुंदरराव, पाटोद्याकडच्या एका डोंगरगावचे पाटील. त्यांच्या गावच्या तलावाचा बांध फुटला होता. तीन वर्षं सगळ्या गावाने टोपल्या वाहून तो बुजवला आणि तिन्ही वर्षं पहिल्याच पुराने माती धुऊन नेली. आता विहिरीही आटल्या होत्या. यंदा बांध झाला नाही, तर अर्धं गाव उठून गोदावरीकाठी जाणार होतं. मोहनरावांनी दोघांनाही सांगितलं, ज्याचा सौदा आधी ठरेल त्याला बुलडोझर.

सुंदरराव मला तपासायला पुन्हा यायच्या आदल्या दिवशी मोहनरावांनी माझ्या भेगेत मेण आणि काजळी ठासून भरली आणि दोन्ही हातांवर वरून डांबर फासलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. खडूच्या खुणा अंगावर घेऊन उभं राहिल्यावर कोणालाही आवडलं असतं.

पाटलांनी बरोबर रामकिसनला आणलं होतं. बीडच्या सरकी काढायच्या गिरणीत त्याने इंजिन सांभाळलेलं. त्याने साळुंकीचं रिकामं घरटं अलगद काढून झाडावर ठेवलं, माझ्या पोटात तेल ओतलं आणि तीन दिवस दांडा फिरवत राहिला. तिसऱ्या दिवशी मी खोकलो, काळा धूर टाकला आणि सहा वर्षांनी धडधडू लागलो. बाजारातली माणसं चार पावलं मागे सरली.

"इंजन खणखणीत हाय," रामकिसन म्हणाला.

मोहनरावांनी लगेच हात पुढे केला. "मंग ठरलं?"

"जरा थांबा," सुंदरराव म्हणाले. "आमच्या गावात छबुबाईनं वाजवल्याबिगर आमी कुऱ्हाडसुद्धा घेत न्हाई."

छबुबाई घिसाडी होती. गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणारे लोहार असतात ना, त्यांच्यातली. पाटलांनी तिला सुनेसकट बैलगाडीत घालून आणलं होतं. ती खाली उतरली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने माझ्या पात्यावर तळहात ठेवला. "येवढं लोखंड एका जागी," ती हळूच म्हणाली. "माझ्या बापानंबी पायलं नसंल."

तिच्या हातोडीचा दांडा वीतभर. ती एकेका ठिकाणी ठोका द्यायची आणि कान लावायची. पातं एका सुरात बोललं, पट्ट्यांच्या कड्या दुसऱ्या सुरात. मित्रांनो, चार वर्षं मी इतका गोंगाट केला होता, पण मला माझाच आवाज ठाऊक नव्हता. माझ्या पोटात इतके सूर आहेत, हे त्या बाईने मला ऐकवलं. भाजीवाल्यांचं ओरडणं थांबलं. सगळा बाजार कान देऊन ऐकत होता आणि मीही थक्क होऊन ऐकत होतो.

उजवा हात खणकन वाजला. मग ती डावीकडे आली, आणि मी मनात म्हणालो, देवा, हिला एवढी घटका बहिरी कर.

थप्प. तिने पुन्हा ठोका दिला. थप्प.

"डांबर लावलंय त्याच्यावर," मोहनराव घाईने म्हणाले. "म्हणून आवाज बसलाय."

"डांबर तर दोनी हातांवर हाय, मालक. मंग ह्यो एकलाच कावून मुका?"

तिने सुनेला, कौशल्याबाईला, निखारा आणायला सांगितला आणि तो चिमट्यात धरून माझ्या हाताजवळ नेला. डांबर सुटलं, मेण काळ्या थेंबांनी गळू लागलं आणि माझी भेग सगळ्या बाजारादेखत उघडी पडली. सुंदररावांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते गाडीकडे वळले. गर्दीत उभा असलेला भंगारवाला खिशातला खडू चाचपू लागला. माझा तर सगळा जीव त्या भेगेत गोळा झाला होता.

"पाटील, थांबा," छबुबाई म्हणाली. "चीर लांबीत हाय, आडवी न्हाई. आडवी असती तर मीच म्हनले असते, तोडा. गाडीच्या चाकावर लोखंडाची धाव चढवतो ना आपन, तशी दोन कडी लाल करून ह्याच्यावर चढवते. थंड झाली का आवळत्याल."

"येवढ्या जाड लोखंडावर कधी चढवली व्हती?"

"न्हाई."

"आन् तुटलं तर?"

तिने माझ्या डाव्या हातावर तळहात टेकला. "पैल्या दिवशी मी ह्या हाताच्या बाजूनं चालंन. तुटायच्या आधी लोखंड बोलतंय. बाकी सगळं अंग मी ऐकलं, पाटील. लई निरोगी हाय. ह्येला तोडू नगा."

पाटील गाडीकडून मागे फिरले. मग त्यांनी मोहनरावांच्या हातात हात देऊन सौदा ठरवला. मोहनरावांना मान वर करवत नव्हती.

आठ माणसांनी पहारी लावून माझा हात सोडवला. कौशल्याबाईने भाता मारला, दोन कडी लालबुंद झाली, सासूसुनेने ती सांडशीत धरून माझ्या हातावर सरकवली आणि वर घागरी ओतल्या. त्या वाफेत मला कोणी दिसेना. नुसतं कळलं की आपल्याला कोणीतरी घट्ट धरलं आहे. मग ठोका पडला. आवाज जरा घोगरा होता, पण आवाज होता.

हात जागेवर बसवून मला पाटलांच्या गावी नेलं, आणि बांधावर पहिल्या दिवशी ती खरंच माझ्या डाव्या हाताला हात लावून चालली. "बाजूला व्हा, बाई," रामकिसन वरून सारखा सांगत होता. ती झाली नाही. मी धोंड्यांना कधी भ्यालो नव्हतो, त्या दिवशी मात्र भ्यालो. हात सुटला असता, तर आधी तिच्यावर पडला असता. मातीचा प्रत्येक ढीग मी तिच्या पावलांकडे लक्ष ठेवून लोटला. हात टिकला. एकोणीस दिवसांत बांध उभा राहिला आणि त्या पावसाळ्यात पुराचं पाणी त्याच्यावर येऊन आदळलं, ते तिथेच थांबलं. गावाने मला आणि पाटलांना हार घातले. छबुबाई तेव्हा गाढवं घेऊन कुठल्या कुठे गेली होती.

ती पुढच्या साली आली. तलाव काठोकाठ भरलेला, पण तिकडे तिने बघितलंही नाही. सरळ माझ्याकडे आली, हातोडी काढली, डाव्या हाताला ठोका दिला आणि कान लावला. "बरं हाय," म्हणाली आणि मग गाढवं पाण्यावर घेऊन गेली.

मित्रांनो, आता माझं काम थांबलं आहे. मला रंग द्यायचं गावात चाललं आहे. द्या, मला आवडेल, अजून हौस फिटलेली नाही. फक्त डाव्या हातावरची ती दोन कडी तेवढी उघडी ठेवा. रंगाखाली गेली, तर पुढे येणाऱ्याला कुठे वाजवून बघायचं ते कळणार नाही.