राखलेली फट

या घरात मी सून म्हणून आले आणि टपाल होऊन राहिले. सासरे, विठोबा, ओट्यावर बसून जाळं विणत म्हणायचे, "गुनवंती, सांग तुज्या नवऱ्याला, कौलं फिरवायची हायेत." नवरा त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दाढी करत असायचा. तो आरशात बघूनच म्हणायचा, "सांग बाबांना, रविवारी बघतो." मी दोघांच्या मध्ये मासळी साफ करत बसलेली. मी काही सांगायची नाही, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असायचं. पण मी तिथं असणं गरजेचं होतं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण टपाल करणाऱ्याला नावं घ्यावीच लागतात. त्याचं नाव रामचंद्र.

भांडणाचं मूळ जुनं होतं. मिसरूड फुटलं तसा रामचंद्र बापाच्या होडीवरून उतरला आणि लोअर परळच्या एका मिलमध्ये फिटर म्हणून लागला. वरळी कोळीवाड्यातले बरेच जण तेव्हा मिलमध्ये गेले, पण विठोबांना ते आपल्या तोंडावर मारल्यासारखं लागलं. त्यांनी गडी घेऊन होडी चालवली. गुडघे गेले तेव्हा ती वाळूवर ओढली, बरोबर आमच्या ओट्यासमोर. तिथं ती वर्षानुवर्षं उन्हात पडून होती. शेजारणीच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, आणि सासरे रोज सकाळी उठून आधी तिच्याकडे बघायचे, मग चहाकडे.

मग संप झाला. संपाचं दुसरं वर्ष लागलं तरी मिलचं फाटक बंदच होतं. परळ-लालबागच्या गल्ल्यांतून माझी मासळीची पाटी फिरायची, पण दारातल्या बाया मला बघून आत वळायच्या. मीही हाक मारणं सोडून दिलं. त्यांना लाजवून मला काय मिळणार होतं?

शिमगा झाला आणि रामजी पाटील ओट्यावर आले. हे आमच्या कोळीवाड्याचे पाटील, बोलायला गोड, पण बोललेलं मागं न घेणारे. ते म्हणाले, "विठोबा, जमातीचा नियम तुला ठावं हाय. हंगामात जी होडी पान्यात जाते तिलाच पावसात वर ओढायला जागा. तुज्याकडं बघून आमी इतकी वर्सं गप ऱ्हायलो. आता इंजिनाच्या बोटी वाढल्या. पावसाच्या आधी तुजी होडी शिडानिशी जाऊन आली तर जागा तुजी. नायतर लाकडं घरात घे."

सासऱ्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. होडी फोडली तर म्हातारा पावसाळा काढत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. रामचंद्रलाही दिसलं असावं. तो म्हणाला, "सांग बाबांना, होडी मी करतो."

"सुतार बघ एखादा," मी म्हटलं.

"इतकी मशीनं खोलून जोडली. होडीला काय शिंगं असतात?"

दुसऱ्या दिवसापासून तो होडीला लागला. तळाला चिकटलेले सुकलेले शिंपले खरवडले, जुना रंग तासला, गंजलेले खिळे उपटून नवे ठोकले. हत्यारं गोणपाटावर मिलमधल्यासारखी ओळीत मांडायचा आणि मी ओलांडून गेले तर खेकसायचा. खरं सांगते, मला ते खेकसणं आवडलं. वर्षभर हा माणूस घरात पाहुण्यासारखा वागत होता. आता तो पुन्हा कामाला जातोय असं वाटलं, भले अंगणात का होईना.

शीड उंदरांनी खाल्लं होतं. त्यासाठी आला भिवा. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला, रामचंद्रच्याच मिलमधला विणकर. पाण्याला इतका घाबरणारा की भरतीच्या वेळी ओट्यावर पाय वर घेऊन बसायचा. त्यानं मिलच्या दुकानातून कधीतरी घेतलेलं जाड कोरं कापड आणलं आणि आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, मोठं पातेलं द्या."

"भात शिजवायचाय का?"

"कापड शिजवायचंय. कोऱ्या कापडात खळ असते, वहिनी. मागावर धागा तुटू नये म्हणून पाजतात. ती आधी काढली नाही, तर पहिल्या भिजण्यात शीड आटेल आणि राम्याची चड्डी होईल."

माझ्या भाताच्या पातेल्यात त्यानं शीड उकळलं, वाळवलं, परत भिजवलं, आणि मगच कापायला घेतलं. हातशिलाई इतकी बारीक की आजूबाजूच्या बाया बघायला यायच्या. भिवा फुगायचा.

राहिल्या होत्या फटी. होडी इतकी सुकली होती की फळ्याफळ्यांच्या मधून पलीकडचा समुद्र दिसायचा. आणि रामचंद्रचं फटीशी जुनं वैर. मिलमध्ये त्याच्या हाताखालच्या मशीनमधून तेलाचा थेंब गळला तर त्याला डबा गोड लागत नसे. त्यानं कापसाची वात राळ-तेलात बुडवून फटीत घातली, वर छिन्नी धरली आणि हातोड्यानं ठोकली. मग त्यावर दुसरी, मग तिसरी. सुईचं टोक जाणार नाही इतकी घट्ट. आठवडाभर ठक ठक चालली होती. ती सुरू झाली की ओट्यावर सासऱ्यांचा विणता हात थांबायचा. मला वाटायचं, म्हातारा रुसलाय.

कोळीवाड्यातलं कुणी काही बोललं नाही. आमच्यात रीत आहे, होडीचा मालक समोर बसलेला असताना तिच्याबद्दल दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. विठोबा बघतोय म्हणजे त्याच्याच सांगण्यानं चाललंय, असं सगळ्यांनी धरलं.

चैत्र सरता सरता भरती साधून होडी पाण्यात लोटली. रामचंद्र आत उतरला, तळावरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट सगळ्यांना वर करून दाखवलं. थेंब नव्हता. भिवानं ओट्यावरूनच टाळ्या वाजवल्या. मी नारळ फोडला, पेढे वाटावेत तसं खोबरं वाटलं. सासरे आत जाऊन निजले.

दुसरा दिवस कोरडा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरून काहीतरी तडकल्याचा आवाज आला. धावत गेलो तर होडीच्या तळाची एक फळी खिळे सोडून बाहेर आली होती, आणि मधोमध चिरली होती. समुद्र आत शिरत होता. रामचंद्र कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ती फळी हातानं आत दाबत होता. माणसं आली, दोर लावले, होडी वर ओढली. तो मात्र बराच वेळ पाण्यातच उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मी तडक ओट्यावर आले. सासरे होते तिथंच होते.

"बाबा, असं व्हनार हे तुमाला ठावं होतं?"

"ठावं नसाया काय झालं? सुकलेलं लाकूड पानी पितं. पिलं की फुगतं. त्याला फुगाया जागा ठेवली नाय तर ते जाईल कुठं?"

"मग बोललात का नाय?"

"मना कोनी इचारलं?"

असा राग मला आयुष्यात आला नव्हता. स्वतःची होडी, स्वतःचा मुलगा, आणि हा माणूस आठवडाभर डोळ्यांदेखत दोघांची वाट लागताना बघत बसला. आणि तो दुसरा! समोर उभी हयात समुद्रात घालवलेला बाप बसलाय, त्याला एक शब्द विचारायला याची जीभ झडत होती का? मी दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हटलं, "आजपासून माज्याकडनं सांगासांगी बंद. ज्याला जे बोलायचं ते त्यानं आपल्या तोंडानं बोलायचं. मी मेले असं समजा."

मग घरात जी शांतता झाली ती काय सांगू. सासऱ्यांचा तंबाखूचा डबा रामचंद्रच्या बाजूला राहिला होता. त्यांनी मागितला नाही, यानं सरकवला नाही. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. सासरे तंबाखूवाचून झोपले. मीही मागं हटणारी नव्हते.

होडी वाळूवर आडवी पडली होती. रामजी पाटील जाता येता तिच्याकडे बघायचे. भिवंडीला मागावर जायचं का, असं रामचंद्र भिवाला विचारतानाही मी ऐकलं.

मग एका सकाळी मी पाटी घेऊन निघाले, तर सासरे काठी टेकत वाळू उतरताना दिसले. होडीजवळ पोचायला त्यांना किती वेळ लागला! तिथं फतकल मारून त्यांनी लोखंडी आकड्यानं फटीतला कापूस उपसायला सुरुवात केली. घट्ट बसलेला कापूस धाग्याधाग्यानं निघत होता. रामचंद्र चहाची कपबशी घेऊन ओट्यावर आला, बघत राहिला. मग खाली उतरला, कपबशी बापाच्या बाजूला वाळूत ठेवली आणि दुसरा आकडा उचलला. माझी पाटी त्या दिवशी फार उशिरा निघाली.

बोलणं मात्र तरी नव्हतंच. भिवा आला तेव्हा सासऱ्यांना तो सापडला.

"भिवा, सांग त्याला, कापूस भरायचा, ठोकायचा नाय. फट अर्धी मोकळी ऱ्हायली पायजे."

"काका, तो तुमच्या खांद्याला खांदा लावून बसलाय."

"सांग म्हटलं ना!"

भिवानं सांगितलं. रामचंद्रनं मान हलवली. "म्हणजे लाकूडसुद्धा कापडासारखंच की," भिवा म्हणाला. "पाण्यानं आमचं आटतं, तुमचं फुगतं. राम्या, मी पातेलं चढवलं तेव्हाच तुला समजायला पाहिजे होतं." त्यावर रामचंद्र कितीतरी दिवसांनी हसला.

चिरलेल्या फळीला लाकूड हवं होतं. आमच्या लग्नातला पलंग सागवानी होता, माझ्या बापानं दिलेला. मीच म्हटलं, "त्याची बाजू काढ." रामचंद्रनं दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "उकडतं, खालीच बरं वाटतं." सागवान तासताना घरभर वास सुटला. मला रडू आलं, ते मी मिरच्या कुटत असल्यावर ढकललं.

सासऱ्यांच्या सांगण्यानं होडी या वेळी उथळ पाण्यात नेली, आत दगड ठेवले आणि बुडू दिली. अख्ख्या कोळीवाड्यासमोर, मुद्दाम. फटीफटीतून पाणी आत येत होतं. पोरं ओरडायला लागली, "फिटरची होडी बुडाली!" म्हातारे मात्र आता समजुतीनं मान डोलवत होते. रामचंद्रचे हात शिवशिवत होते. तो छिन्नी घेऊन काठावर येरझाऱ्या घालायचा. गळतंय आणि आपण नुसतं बघायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

"भिवा, सांग त्याला, बस. पिऊ दे तिला."

तो बसला. ओहोटीला होडी उघडी पडायची, भरतीला बुडायची. आकाशात ढग दिसायला लागले होते. शेवटी एका ओहोटीला सासरे म्हणाले, "उपसा." दगड काढले, पाणी उपसलं. भरती आली, होडी उचलली गेली, तरंगली. आम्ही सगळे वाकून तळाकडे बघत होतो. फटी मिटल्या होत्या. फक्त पलंगाची फळी जिथं जुन्या फळीला भिडली होती, तिथून पाण्याची एक बारीक धार येत होती.

रामचंद्रचा हात लगेच छिन्नीकडे गेला. कापसाची वात त्यानं बोटावर वळलीसुद्धा. मग थांबला. भिवा समोरच होता, मीही होते. त्यानं आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. सरळ बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, ही फट भरू काय?"

सासऱ्यांनी त्या धारेकडे बघितलं. पेलाभर पाणी भरायला घटका लागावी, इतकी ती बारीक. तिथं बोटभर कापूस पुरला असता, हे मलासुद्धा समजत होतं.

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तेवढी. पानी उपसाया होडीत एक मानूस लागंल." मग म्हणाले, "मी बसेन."

रामचंद्रनं छिन्नी खाली ठेवली. मग त्यानं वात खिशात घातली, घरात गेला आणि पाणी काढायला पत्र्याचा डबा घेऊन आला. सासऱ्यांनी डबा उलटा करून उजेडाकडे धरला. "ह्याला भोक नाय ना रं?" "नाय बाबा." रामचंद्रनं त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि होडीत ठेवलं. "हळू रं, गुडघा!" असं ते ओरडले, थेट मुलावर. संपात पुष्कळांची नोकरी गेली, माझी टपालाची त्या दिवशी गेली. मला जराही वाईट वाटलं नाही.

शीड चढलं. भिवानं डोळे मिटून घेतले आणि "फाटलं काय, वहिनी?" असं मलाच विचारत राहिला. फाटलं नाही. होडी वरळीच्या किल्ल्याच्या टोकापलीकडे गेली आणि वळून आली. रामचंद्र सुकाणूवर, सासरे खाली बसून डब्यानं पाणी बाहेर टाकत होते, गरजेपेक्षा जास्त वेळा. रामजी पाटील काठावर उभे होते. "जागा तुजी," एवढं बोलून ते निघून गेले.

मिलनं रामचंद्रला परत घेतलं नाही. तो समुद्रावरच राहिला. दर वर्षी होडी वर आली की सगळं स्वतः करायचा: तळ खरवडायचा, तेल द्यायचा, फटी हलक्या हातानं भरायचा, शिडाला ठिगळं भिवाकडून घालून घ्यायचा. ती एक फट मात्र ठेवायचा. नवे गडी म्हणायचे, "रामचंद्रशेठ, हितनं गळतंय." तो म्हणायचा, "म्हाईत हाय." आणि सासरे डबा मांडीवर घेऊन ऐटीत बसायचे.

ते गेले पावसाळ्यात, होडी वर असताना. नारळी पौर्णिमा जवळ आली तसा रामचंद्र गोणपाट पसरून डागडुजीला बसला. मी ओट्यावर मासळी साफ करत होते. सगळं आटपल्यावर तो त्या फटीपाशी आला. कापसाची वात वळली, छिन्नी हातात घेतली. मग मान वळवून त्यानं ओट्याकडे बघितलं, जिथं बाबा बसायचे तिथं. बराच वेळ बघितलं, आणि फट भरली.